ट्विन रिव्हर्ब आणि एचडी-१३०: एकाच परंपरेतले दोन ताकदवान ट्यूब अ‍ॅम्प

फेंडरचा ट्विन रिव्हर्ब आणि म्युझिक मॅनचा एचडी-१३० या निर्वात नळ्या (ट्यूब) वापरणाऱ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरची (अ‍ॅम्पची) तुलना बहुधा वॉटपासून सुरू होते. ट्विन मूळचा ८५ वॉटचा, तर दुसरा नावाप्रमाणेच १३० वॉटचा. प्रत्यक्षात एवढ्या फरकाने आवाजात दोन डेसिबलचीही भर पडत नाही. त्यामुळे स्टील गिटारवादकाच्या दृष्टीने या दोघांतला खरा फरक समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९४५च्या सुमारास डॉक कॉफमन यांच्यासोबत जे पहिले संच विकायला काढले, ते मांडीवर ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायच्या स्टील गिटारचे आणि तिच्या छोट्या अ‍ॅम्पचे होते. म्हणजे स्टीलवादक हे या घराण्याचे पहिले गिऱ्हाईक. पुढे १९५०च्या दशकात नॅशव्हिलमध्ये बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पायाने पेडल दाबून तिचा स्वर बदलण्याची, म्हणजे पेडल स्टीलची, पद्धत रूढ केली आणि अ‍ॅम्पकडून असलेली अपेक्षाच बदलली.

पेडल स्टीलमध्ये दोन-तीन तारा एकत्र छेडल्या जातात; त्यांतली एक वर सरकते आणि बाकीच्या जागेवर राहतात. अ‍ॅम्पचा आवाज ताणाखाली फाटू लागला, तर या स्वरांच्या बेरीज-वजाबाकीतून नको ते स्वर जन्मतात आणि सुरेख सरकणारी संगती गढूळ होते. शिवाय वादकाचा उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो. तार छेडताना पेडल अर्धेच दाबलेले असते आणि नाद विरत जाईल तसा पाय खाली जात राहतो. स्वर लांबवण्याची ही युक्ती अ‍ॅम्पमध्ये भरपूर शक्ती शिल्लक असेल तरच साधते. रॉक गिटारवादकाला हवीहवीशी वाटणारी फाटकी धार इथे निव्वळ अडचण ठरते.

१९६३मध्ये आलेल्या ट्विन रिव्हर्बने ही गरज ६एल६जीसी जातीच्या चार ट्यूब, १२ इंची दोन स्पीकर आणि स्प्रिंगचा रिव्हर्ब (घुमारा देणारी यंत्रणा) यांच्या बळावर भागवली. जानेवारी १९६५मध्ये लिओ यांनी कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली आणि स्पर्धेत न उतरण्याच्या दहा वर्षांच्या कराराने स्वतःचे हात बांधून घेतले. त्या काळात त्यांचे जुने सहकारी फॉरेस्ट व्हाइट आणि टॉम वॉकर यांनी नवी कंपनी उभी केली, १९७४मध्ये ती म्युझिक मॅन या नावाने पुढे आली, आणि आतापर्यंत पडद्याआड असलेले लिओ १९७५मध्ये तिचे अध्यक्ष झाले.

एचडी-१३०मध्ये प्राथमिक टप्प्याचे काम ट्यूबऐवजी ऑप-अ‍ॅम्पकडे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या छोट्या चिपकडे, दिलेले आहे आणि अंतिम टप्प्यातील ट्यूबना ७०० व्होल्टच्या आसपास दाब मिळतो, जो ट्विनमध्ये साधारण साडेचारशे असतो. परिणामी तारेचा पहिला आघात लवचीकतेऐवजी काहीसा करकरीत येतो. फंकची ताल-गिटार वाजवणाऱ्याला तो आवडावा. पेडल स्टीलच्या वरच्या तारांवर मात्र तो मला थोडा कोरडा वाटतो, आणि ट्विनच पुढे ठेवावासा वाटतो.

अर्थात, स्पीकर विचारात घेतल्याशिवाय हा निवाडा अपुराच. पेडल स्टीलच्या सी६ या तारजुळणीतली सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झपर्यंत, म्हणजे गिटारच्या सर्वांत जाड तारेपेक्षाही खाली उतरते. म्हणूनच फेंडरने १९७०च्या दशकात ट्विनच्याच यंत्रणेला १५ इंची एकच जेबीएल स्पीकर जोडून व्हायब्रोसॉनिक रिव्हर्ब काढला, आणि म्युझिक मॅननेही १५ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प बाजारात आणला. मात्र त्याच सुमारास पीव्ही या अमेरिकी कंपनीचा सेशन ४०० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा अ‍ॅम्प आला आणि बरेच स्टीलवादक तिकडे वळले. फेंडरने १९७७मध्ये ट्विनची शक्ती १३५ वॉटवर नेली, तरी ती लाट काही थांबली नाही.