रस्त्यापासून दारापर्यंतची वाट आधी सांगा
घर हलवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो: "रत्नागिरी ते डोंबिवली, वन बीएचकेचं सामान, किती घ्याल?" आम्ही लगेच आकडा सांगत नाही, याचा काही जणांना राग येतो. पण मुंबईकडचे तीनशे-साडेतीनशे किलोमीटर सगळ्यांना माहीत असतात, त्याचा हिशेब पाच मिनिटांत होतो. खरा खर्च ठरतो तो डांबरी रस्ता आणि तुमचा उंबरठा यांच्या मधल्या वाटेवर. घर वाडीत खाली आहे का? पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, किती पायऱ्यांची? मधे साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, आहे का? बेड्यातून, म्हणजे आवाराच्या दारातून, कपाट जाईल का? चौदा फुटी आयशर ट्रक आत वळेल, की छोटा हत्ती टेम्पो लावून फेऱ्या माराव्या लागतील?

हे आम्ही चूक करून शिकलो. गुहागरच्या बाजूला एका घराचं काम आम्ही फोटो बघून घेतलं होतं. फोटोत कपाट, फ्रीज, पलंग, फणसाच्या लाकडाची जुनी पेटी, सगळं होतं. पाखाडी कुणी दाखवली नाही आणि आम्हीही विचारली नाही. गेलो तर जांभ्याच्या साठावर पायऱ्या, त्याही शेवाळलेल्या. फ्रीजला पट्टा लावून दोघं वर निघाले, तिसरा पुढे पोतं अंथरत होता. एक फ्रीज रस्त्यावर यायला पाऊण तास गेला. पेटी तर रिकामी करून, झाकण वेगळं काढून आणावी लागली. दिवस मावळला, हमाल वाढवावे लागले, आणि वाढलेल्या पैशांवरून ज्यांच्याशी इतके चांगले बोललो होतो त्यांच्याशीच वाद झाला. तेव्हापासून पाहणी केल्याशिवाय आम्ही दर देत नाही. पाहणीचे पैसे घेत नाही. येताना टेप आणतो आणि घराआधी वाट मोजतो.

नव्या घराचीही अशीच माहिती द्या. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये सामान चढवायला आधी लेखी परवानगी लागते. कुठे रविवारी बंदी, कुठे संध्याकाळनंतर बंदी, कुठे लिफ्टमध्ये कपाट घेऊ देत नाहीत. शिवाय मुंबईत जड वाहनांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी प्रवेश नसतो, म्हणून गाडी इथून किती वाजता सोडायची हे तिकडच्या वेळेवरून ठरतं. सेक्रेटरींशी तुमचं बोलणं झालं की आम्हाला एक फोन करा.

कधी हलवायचं?

तुमच्या हातात असेल तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. मात्र शिमग्याचे दिवस सोडून, कारण पालखी आली की हमाल आणि ड्रायव्हर गावी जातात आणि आम्ही त्यांना अडवत नाही. एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत इथल्या गाड्या हापूसच्या पेट्यांमागे असतात, त्यामुळे भाडं चढतं. नेमक्या याच दिवसांत बदल्यांचे आदेश येतात आणि शाळा उघडायच्या आत नव्या गावी पोचायची घाई असते. बदली होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी कळवा. तारीख नंतर पुढे-मागे करता येते, ऐन मे महिन्यात गाडी उभी करता येत नाही.

आगोठीनंतर, म्हणजे पावसाळा लागल्यावरही कामं होतात, पण त्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा. परशुराम घाटात किंवा आंबा घाटात दरड आली तर गाडी थांबते, आणि ती थांबलेलीच बरी. कोल्हापूरला आंबा घाटाने, कराडकडे कुंभार्लीने जातो. घाट बंद असेल तर लांबचा वळसा पडतो, त्याचं भाडं कसं धरायचं हे आम्ही दरपत्रकात आधीच लिहितो. दापोली-गुहागर कामाला छोटी गाडी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने नेतो, भरलेली मोठी गाडी चिपळूणमार्गे. गणपतीच्या आसपास मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना बंदी घालतात, त्या तारखा दरवर्षी सरकार जाहीर करतं. त्या आठवड्यात कुणी "आणून देतो" म्हणत असेल तर त्याला मार्ग कोणता ते विचारा.

जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेकडे सामान उतरवताना आमचा एक नियम आहे: पावसाळ्यात खोकी तळमजल्याच्या जमिनीवर रचत नाही. माळा किंवा वरची खोली मोकळी ठेवा.

बांधाबांध

खोकी, बबल रॅप, गोणपाट, सुतळी आम्ही आणतो. पुस्तकं लहान खोक्यांतच भरा, मोठ्या खोक्याचा तळ सुटतो. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला बांधतो. लाकडी सामानाला पावसात थेट प्लास्टिक गुंडाळू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. आपल्या दमट हवेत आतल्या आत घाम सुटतो आणि दोन दिवसांत बुरशी धरते. आधी जुनी चादर किंवा कागद, त्यावर गोणपाट, आणि गाडीला ताडपत्री. गाद्यांना मात्र प्लास्टिक हवंच. माळ्यावरची जुनी पेटी, घडवंची, पाट नेणार असाल तर खालून ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा भुसा पडला तर वाळवी आहे, ती नव्या घरी नेऊ नका.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून ठेवा. तो उभाच नेतो, आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे मागचे बोल्ट कंपनीने दिलेले असतात, ते शोधून ठेवा. ड्रम त्यांनीच घट्ट राहतो.

आता बरण्या. गावाहून शहरात जाणाऱ्या प्रत्येक घरात कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लोणचं, खोबरेल तेल असतंच, आणि ते टाकून द्या असं आम्ही कुणाला सांगणार नाही. झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा, वर झाकण, मग चिकटपट्टी. बाटल्या बादलीत उभ्या, मधल्या फटींत जुने कपडे. ही बादली आम्ही शेवटी चढवतो आणि आधी उतरवतो. आगळाचा डाग गादीला लागला तर जात नाही.

भरलेला गॅस सिलिंडर आम्ही नेत नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्या, त्यावर नव्या गावी कनेक्शन मिळतं. दागिने, रोकड, घराची कागदपत्रं, रोजची औषधं तुमच्या हातातल्या पिशवीत. देव्हारा आम्ही बांधतो, देव मात्र घरच्यांनीच न्यावेत. कुणीतरी मांडीवर घेऊन बसलेलं आम्हालाही बरं वाटतं.

कागद आणि पैसे

दरपत्रकात बांधणी, चढवणं, भाडं, टोल, उतरवणं, मजल्याची हमाली हे वेगवेगळं लिहिलेलं मागा, आमच्याकडून आणि कुणाहीकडून. पूर्ण रक्कम आधी देऊ नका. अर्ध्या वाटेवर गाडी थांबवून वाढीव पैसे मागितल्याच्या तक्रारी घेऊन लोक आमच्याकडे येतात, आणि त्यांच्या हातात लेखी काहीच नसतं. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, पण सामानाची यादी ड्रायव्हरजवळ हवी. यादीच्या दोन प्रती करतो, खोक्यांवर नंबर टाकतो, एक प्रत तुमची.

विम्याबद्दल स्पष्ट विचारा. "जोखीम शुल्क" म्हणून घेतलेले पैसे आणि विमा कंपनीची पॉलिसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसी असेल तर तिचा कागद गाडी सुटण्याआधी मिळाला पाहिजे. सामानाची किंमत बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या माल घेतल्याच्या पावतीवर, खरी लिहा, कारण किंमत जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी कायद्याने मर्यादित राहते. महागड्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा. नुकसान झालं तर 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर पुढे दावा करता येत नाही.

माल उतरल्यावर यादी हातात घेऊन दारात उभे राहा. एकेक नंबर वाचून खूण करा, मोडलेलं काही दिसलं तर आमच्या प्रतीवरही लिहा. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय सही करू नका. रात्र झाली असली तरी आमची पोरं थांबतील.