सुतार पाहायचा तर आधी मुंग्या शोधा

सुतार पक्ष्याचा चांगला फोटो हवा असेल, तर कॅमेरा थोडा वेळ पिशवीतच राहू द्या आणि मुंग्या शोधा. आंब्याच्या खोडावरून वर चाललेली रांग, बाभळीच्या सालीवर वाळवीने चढवलेलं मातीचं अस्तर, शेवग्याची वाळून गेलेली आणि कुणी तोडायची राहून गेलेली एखादी फांदी. सुतार तिथे फिरकणारच. मुंग्या, वाळवी आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या हे त्याचं मुख्य जेवण, आणि दिवसभराचा त्याचा फेरा त्यांच्याच मागावर असतो.

महाराष्ट्रात सुतारांच्या बऱ्याच जाती आहेत, पण निम्म्याअधिक पाहायच्या तर सह्याद्रीचं किंवा विदर्भाचं जंगल गाठावं लागतं. दोन जातींसाठी मात्र कुठेही जावं लागत नाही. बागेत सोनपाठी सुतार आणि माळावर मराठा सुतार.

सोनपाठी चुकवणं कठीण. आकार २६ ते २९ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षा चांगलाच मोठा. पाठ आणि पंख सोनेरी पिवळे, गळा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके. नराचा माथा पुढून मागपर्यंत लाल. मादीचा फक्त मागचा तुरा लाल, पुढचा माथा काळा आणि ठिपक्यांचा. बहुतेक वेळा तो दिसण्याआधी ऐकू येतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना खिंकाळल्यासारखं ओरडत, हवेत वरखाली हेलकावे घेत जातो. जुन्या सोसायट्यांमधली पर्जन्यवृक्षाची झाडं, कोकणातल्या नारळाच्या वाड्या, कॉलेजांची आवारं, सगळीकडे तो आहे. शहरात टिकून राहिलेल्या मोजक्या सुतारांपैकी तो एक.

मराठा सुतार अगदी वेगळ्या स्वभावाचा. जेमतेम १७-१८ सेंटिमीटरचा, बुलबुलाहूनही थोडा लहान, तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. माथा पिवळसर, नराच्या माथ्याच्या मागच्या भागात लाल रंग आणि पोटावर लाल डाग. हा डाग खोडाला चिकटलेला असल्यामुळे सहसा दिसतच नाही. जॉन लॅथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८०१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा जातीच्या नावात थेट ‘मराठेन्सिस’ घातलं. नाव आपलं असलं तरी पक्षी भारतभर आहे. त्याला दाट जंगल नको. विरळ झाडं, मध्ये गवत, इतकं त्याला पुरतं. सासवड, सुपे, बारामती या पट्ट्यातली बाभळी-हिवरांची माळरानं म्हणजे त्याच्या पसंतीची जागा.

या माळरानांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. माळ म्हणजे तोडलं गेलेलं जंगल, असं आपण गृहीत धरतो आणि मग दर पावसाळ्यात तिथे खड्डे खणून रोपं लावतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय आणि ओव्या चाळून त्यातले झाडांचे उल्लेख तपासले. त्यांच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्रातला हा प्रदेश निदान साडेसातशे वर्षं असाच, गवत आणि विरळ काटेरी झाडांचा आहे. म्हणजे मराठा सुताराचं घर कुणी उजाड केलेलं नाही. ते मुळातच तसं आहे, आणि तिथे गर्द झाडी लावणं ही त्या पक्ष्याची सेवा नव्हे.

आता त्या सुप्रसिद्ध ठोक्यांकडे येऊ. सुतार लाकडावर डोकं आपटतो तरी त्याच्या मेंदूला इजा कशी होत नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही खूप जुना. १९७९ मध्ये फिलिप मे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जातीच्या सुताराचं वेगवान चित्रीकरण केलं. चोच सेकंदाला ६ ते ७ मीटर वेगाने लाकडावर आदळते आणि डोकं थांबताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट मंदन सोसतं, असं त्यातून दिसलं. पुढे वर्षानुवर्षं सगळीकडे एकच स्पष्टीकरण छापून येत राहिलं: कवटीचं हाड स्पंजासारखं असतं आणि ते धक्का शोषून घेतं. शिरस्त्राणं बनवणाऱ्यांनीही ही कल्पना उचलली. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा इग नोबेल पुरस्कारही, २००६ मध्ये पक्षिशास्त्रासाठी, याच प्रश्नाला मिळाला. मानकरी होते आयव्हन श्वाब आणि, मरणोत्तर, हेच फिलिप मे.

पण या स्पष्टीकरणात एक सरळ अडचण आहे. हातोडीच्या तोंडाला रबर लावून कुणी खिळा ठोकत नाही. डोक्यानेच धक्का गिळला तर लाकडापर्यंत काय पोहोचणार? २०२२ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या सॅम व्हॅन वासेनबर्ग यांच्या गटाने तीन जातींच्या सुतारांचं अतिवेगवान चित्रीकरण तपासलं. चोचीवरचे बिंदू आणि डोळ्याजवळचे बिंदू एकाच वेळी, सारख्याच झटक्याने थांबत होते. मध्ये कुठे धक्का मुरत नव्हता. सुताराचं डोकं ही कडक हातोडीच आहे. मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे. आकार जितका छोटा, तितकं त्याच्या पृष्ठभागाच्या मानाने वस्तुमान कमी, आणि तेवढ्याच झटक्यात आतला दाबही कमी. आपल्याएवढा मेंदू घेऊन हा उद्योग केला असता तर पहिल्याच फांदीवर संपला असता. ते जुनं स्पष्टीकरण शाळेच्या प्रकल्पांत अजून बरीच वर्षं सापडेल, याची मला खात्री आहे.

बाकीची तयारीही बारकाईने पाहण्यासारखी आहे, आणि इथे कॅमेरा खरोखर उपयोगी पडतो. चोच आदळण्याच्या आधी क्षणाच्याही काही अंशात डोळ्यावर तिसरी, आतली पापणी ओढली जाते. म्हणून ठोके मारतानाच्या फोटोंमध्ये कधी कधी डोळा दुधाळ दिसतो. लोक तो फोटो बिघडला म्हणून पुसून टाकतात. पुसू नका. नाकपुड्यांवर बारीक ताठ पिसं असतात, भुसा आत जाऊ नये म्हणून. पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे, त्यामुळे उभ्या खोडावर पकड बसते. शेपटीची मधली पिसं कडक असतात आणि पक्षी त्यांच्यावर भार टाकून खोडाला टेकतो. पिसं झडून नवी येण्याच्या काळात सुतार बाजूची पिसं आधी बदलतो आणि मधली जोडी अगदी शेवटी टाकतो. तोवर बाजूची नवी पिसं भार घ्यायला तयार झालेली असतात.

आणि जीभ. ती तोंडात मावत नाही. तिला आधार देणारी हाडं आणि स्नायू घशाकडून मागे जातात, कवटीला मागून वळसा घालतात आणि माथ्यावरून पुढे नाकपुडीजवळ येऊन थांबतात. टोकाला मागे वळलेले बारीक काटे आणि वर चिकट लाळ. चोचीने दार उघडायचं आणि जिभेने आतली अळी ओढून काढायची. खोडाला एक-दोन हलके ठोके मारून सुतार थांबतो आणि मग जागा बदलतो, तेव्हा तो पोकळ जागा चाचपत असतो. सलग, एका लयीत वाजणारा ताशा वेगळा. तो खाण्यासाठी नसतो. तो आपली हद्द सांगण्यासाठी आणि जोडीदाराला बोलावण्यासाठी असतो, आणि त्यासाठी मुद्दाम चांगली घुमणारी फांदी निवडलेली असते.

तांबूस सुताराने तर मुंग्यांशी नातं फारच पुढे नेलं आहे. झाडावर कागदासारखा करडा गोळा बांधणाऱ्या मुंग्या सह्याद्रीत फिरताना पाहिल्या असतील. हा पक्षी त्या मुंग्या खातो आणि त्याच गोळ्यात, मुंग्या आत राहत असतानाच, भोक पाडून अंडी घालतो. बागेत हे दिसणार नाही, पण घाटातल्या रस्त्याकडेला असा गोळा दिसला आणि त्याला गोल भोक असेल, तर दहा मिनिटं थांबावं.

फोटोकडे वळतो. सुताराच्या मागे धावण्यात काही अर्थ नाही. माणूस दिसला की तो खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो आणि कडेने डोकावत राहतो. तुम्ही फेरी घातलीत तर तोही घालतो. त्यापेक्षा बसून राहावं. त्याची एक सवय आपल्या कामाची आहे: तो खोडाच्या खालच्या भागापासून वर चढत जातो आणि वर पोहोचला की उडून पुढच्या झाडावर पुन्हा खाली उतरतो. म्हणून नजर त्याच्यावर आणि लेन्स पुढच्या झाडाच्या बुंध्यावर. सोनपाठी मुंग्यांसाठी कधी जमिनीवरही उतरतो, तेव्हा गवतात आडवं झोपायची लाज बाळगू नये.

शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवला तर ठोका गोठतो. १/२५० ठेवला तर पाय आणि शेपूट खोडाला घट्ट असल्यामुळे अंग स्पष्ट राहतं आणि फक्त डोकं पुसट होतं. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो. पक्षी काय करतोय ते त्यातच कळतं. प्रकाशाचा घोळ मात्र होतो. गडद खोडापुढे कॅमेरा सोनेरी पाठ जास्त उजळवतो आणि पिसांचा तपशील जातो, तर उघड्या आभाळापुढे पक्षी नुसता काळा दिसतो. पहिल्या वेळी एक्स्पोजर थोडं कमी करावं, दुसऱ्या वेळी वाढवावं. ऊन चढण्याआधीची वेळ सगळ्यात सोयीची, कारण पक्षीही तेव्हाच जास्त फिरतात.

ओळख पटवायची असेल तर पाठमोरा फोटोही जपून ठेवा. सोनपाठीचं कमरेजवळचं अंग काळं असतं. घाटात त्याच्यासारखेच दिसणारे, पण कमरेला लाल असणारे सुतार आहेत. समोरून काढलेल्या सुंदर फोटोत नेमकं हेच दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर फुलली असेल तर तिथेही नजर ठेवावी. सोनपाठी फुलातला मधही पितो.

मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा प्रकार मला मान्य नाही. आपल्या हद्दीत परका शिरला असं समजून तो धावत येतो, खाणं सोडतो, आणि आपल्याला फोटो मिळतो तो चिडलेल्या पक्ष्याचा. घरट्यापाशी तर हे मुळीच करू नये. सोनपाठीचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते जुलै. ढोलीत दोन-तीन पांढरीशुभ्र अंडी, सुमारे ११ दिवसांत पिल्लं बाहेर, आणि आणखी २० दिवसांच्या आसपास ती उडून जातात. झाडाखाली ताज्या ढलप्या पडलेल्या दिसल्या की वर काम चालू आहे असं समजावं. पक्षी जवळच्या फांदीवर येऊन आत न जाता घुटमळत असेल, तर आपण फार जवळ आहोत. तिथून निघावं.

सुताराने सोडलेली ढोली रिकामी राहत नाही. पिंगळा, दयाळ, साळुंकी, पोपट यांना स्वतः लाकूड कोरून घर करता येत नाही; ते अशा ढोल्या शोधत असतात. पण पहिली ढोली होण्यासाठी मऊ पडलेलं, मेलेलं लाकूड लागतं, आणि नेमकं तेच आपण ‘स्वच्छते’साठी आधी काढतो. त्यात शहरांत पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, म्हणजे विणीच्या ऐन मध्यावर.

महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते. त्या अर्जाच्या वेळीच सोसायटीतल्या कुणीतरी दुर्बीण घेऊन खोडं पाहून घ्यावीत. सुपारीएवढं गोल, स्वच्छ कडांचं भोक मराठा सुताराचं असू शकतं. सोनपाठीचं त्याहून मोठं असतं. भोकात ये-जा दिसली तर ती फांदी ऑगस्टपर्यंत राहू द्यायला सांगावं. रस्त्यावर किंवा गाडीतळावर झुकलेली फांदी ठेवता येणार नाही, हे उघड आहे. पण वाळलेल्या झाडाच्या फांद्या उतरवून दोन पुरुष उंचीचं नुसतं खोड उभं ठेवलं तर पडण्याचा धोका बराच कमी होतो. पहिल्या पावसानंतर साल सुटते, मुंग्या आणि वाळवी येतात, आणि त्यांच्यामागून सुतार.