फोटोवर खोडरबर का चालत नाही?

फ्लॅश (आताचं 'अ‍ॅनिमेट') या सॉफ्टवेअरवर अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांचा पहिला गोंधळ ठरलेला असतो. फोटो इम्पोर्ट केला, स्टेजवर, म्हणजे चित्राच्या पाटीवर, ठेवला, खोडरबर फिरवला आणि ढिम्म काही झालं नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पत्रिका-फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवरचा लोगो पुढे केला की ते म्हणतात, "मोठा केला की हा फाटणार. सीडीआर आहे का?" सीडीआर म्हणजे कोरलड्रॉची व्हेक्टर फाइल.

संगणकात चित्र दोन प्रकारे साठतं. बिटमॅप, म्हणजे फोटोचा प्रकार, हे दोसुतीवरचं भरतकाम: घरं मोजून रंग भरलेले. ताणलं की घरंच मोठी दिसतात. व्हेक्टर, म्हणजे रेघांचा प्रकार, ही ठिपक्यांची रांगोळी. ठिपके दुप्पट अंतरावर दिले तरी रेघ सफाईदारच येते.

फ्लॅशचा जन्म रांगोळीच्या घरातला. फ्यूचरवेव्ह कंपनीचं 'स्मार्टस्केच' हे मुळात पेनने चालणाऱ्या संगणकांवर चित्र काढायचं साधन. ते संगणक चालले नाहीत, म्हणून त्यालाच हालचाल जोडून १९९६ मध्ये 'फ्यूचरस्प्लॅश अ‍ॅनिमेटर' आलं. त्याच वर्षाअखेर मॅक्रोमीडिया कंपनीने ते घेतलं आणि नाव झालं फ्लॅश. रेघेचा हट्ट तेव्हा परवडण्यासाठीही होता. ८०० बाय ६०० चं चित्र म्हणजे ४,८०,००० घरं. प्रत्येकी तीन बाइट धरले तर न दाबलेली फाइल १४ लाख बाइटांच्या वर जाते. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर ती उतरायला साडेसहा मिनिटांहून जास्त! रेघेचं गणित त्याहून कितीतरी कमी जागेत मावायचं.

त्यामुळे फोटो या घरात पाहुणाच राहिला. त्याला हात लावायचा तर आधी 'ब्रेक अपार्ट', म्हणजे कंट्रोल-बी. मग त्याचा, आत फोटो भरलेला, आकार बनतो. खोडरबर चालतो, लासो या निवडायच्या साधनातल्या जादूच्या कांडीने एकाच रंगाचा भाग निवडून उडवता येतो. दुसरी वाट 'ट्रेस बिटमॅप', म्हणजे फोटो गिरवून सॉफ्टवेअरनेच त्याचं व्हेक्टर करणं. रंगातला किती फरक दुर्लक्षायचा, किती लहान ठिपका सोडून द्यायचा, कोपरे किती टोकदार ठेवायचे, हे आकडे आपण द्यायचे. लोभ केला, सगळे बारकावे मागितले, तर ट्रेस मूळ फोटोपेक्षा जड होतो. एकेका घराची खरी दुरुस्ती हवी असेल तर चित्र बाहेरच्या एडिटरलाच द्यायचं. तशी सोय मेनूत आहे.

हाताने काढणाऱ्यांना ही भानगड टळत नाही, कारण पेन्सिलचं चित्र स्कॅन झालं की बिटमॅपच होतं. कागदावरची रेघ सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, गिरवण्याचं काम पूर्वी माणसं करत. कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या 'प्रभात'ने पुढच्याच वर्षी 'जंबूकाका' हा कार्टूनपट केला, तेव्हा संगणकच नव्हता. यंत्राचं गिरवणं बरंच नंतरचं: इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याच्यावर ट्रेसिंग चालतं ते 'पोट्रेस' २००१ चं.

फ्लॅशचं नाव २०१६ मध्ये 'अ‍ॅनिमेट' झालं, ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला संपला. कंट्रोल-बी मात्र तसाच आहे. ट्रेसवर माझा स्वतःचा भरवसा बेताचा. बोरूने लिहिलेल्या 'श्री'ची धारदार कड त्यात हमखास बोथट होते. चौकातले जाणते ऑपरेटरही मंडळाचं नाव ट्रेसला देत नाहीत. फोटो खाली फिकट ठेवतात, लॉक करतात आणि पेन टूलने वरून गिरवतात.