पिठाच्या पोत्यावरचे दोन हात

पन्नाशीच्या दशकात तैवानमधल्या कितीतरी पोरांच्या अंगात पिठाच्या पोत्याच्या चड्ड्या असत. अमेरिकेने मदत म्हणून पाठवलेलं पीठ संपलं की आया ते कापडी पोतं धुऊन शिवायला घेत. कापडावर हस्तांदोलन करणारे दोन हात आणि ‘चीन-अमेरिका सहकार्य’ ही अक्षरं तशीच राहत; तैवानमधलं सरकार तेव्हा स्वतःला चीन म्हणवत असे. आज संगणकाच्या चिप्ससाठी जग ज्या बेटाकडे बघतं, त्याची ही गोष्ट.

दक्षिण कोरियाही तेव्हा परदेशी मदतीवरच उभा होता. मग जास्त मदत कुणाला मिळाली? नुसती बेरीज मांडली तर उत्तर फसवं येतं.

१९५१ ते १९६५ या काळात तैवानला अमेरिकेकडून सुमारे १५० कोटी डॉलरची आर्थिक मदत मिळाली, म्हणजे वर्षाला साधारण १० कोटी. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, म्हणून माणशी दहा डॉलर. कोरियाला १९५७ या एका वर्षात ३८ कोटी डॉलर मिळाले. पण तिथे माणसं सव्वादोन कोटी होती, म्हणजे माणशी सतरा डॉलर. एकूण आकडे पाहिले तर जवळजवळ चौपट, आणि डोई मोजली तर दुपटीहूनही कमी. शिवाय हे कोरियाचं सर्वाधिक मदतीचं वर्ष होतं, तैवानची मात्र सरासरी. १९५३ साली कोरियन माणसाचं वार्षिक उत्पन्न ६७ डॉलर होतं, हे शेजारी ठेवलं की सतरा डॉलरचं वजन कळतं.

पुढचा गुंता आहे मदत म्हणायचं कशाला. लष्करी मदत या हिशेबात धरत नाहीत, पण सैन्याचा खर्च दुसऱ्याने उचलला की तिजोरीतले पैसे इतर कामांना मोकळे होतातच. १९६५ च्या करारात जपानने कोरियाला ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर सवलतीचं कर्ज द्यायचं कबूल केलं. जपानने त्याला आर्थिक सहकार्य म्हटलं. कोरियन लोकांच्या दृष्टीने तो जपानी वसाहतकाळाचा हिशेब होता. पोहांगचा पोलाद कारखाना त्यातल्या पैशाच्या मदतीने उभा राहिला. ही रक्कम मदतीत धरायची का? माझ्या मते धरायची, पण वेगळ्या रकान्यात.

पैसा प्रत्यक्षात फिरायचा कसा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. यायचा तो बहुतेक माल: गहू, कापूस, खत. सरकार तो देशात विकायचं आणि आलेलं स्थानिक चलन वेगळ्या निधीत ठेवायचं. खर्च अमेरिकेच्या संमतीने. आपल्याकडे रेशनवर आलेला अमेरिकी लाल गहूही अशाच मदतीचा, पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदत कायद्याखालचा होता, आणि त्याचे रुपये असेच साठत गेले. तैवानमध्ये या निधीतला मोठा वाटा शेती, वीज आणि शिमेनसारख्या धरणांकडे वळला. त्याआधीच तिथे कुळांचा खंड उत्पन्नाच्या ३७.५ टक्क्यांवर आणून, १९५३ मध्ये कसणाऱ्याला जमीन दिली होती. पाणी आणि खत आलं ते स्वतःच्या शेतात. कोरियातही जमीनवाटप झालं, पण उद्योग वाढले ते आयात मालावर चालणारे: पीठ, साखर, सूत. त्यांना तिथे ‘तीन पांढरे’ म्हणत.

तैवानची मदत १९६५ च्या जूनअखेर थांबली, तीही आधी सांगून. पुढच्याच वर्षी काओशुंगला निर्यातीसाठी खास क्षेत्र सुरू झालं. कोरियात साठच्या दशकात अनुदानं आटत गेली आणि त्यांची जागा परतफेडीच्या कर्जांनी घेतली; निर्यातीशिवाय ती फिटणार नव्हती.

१९६६ मध्ये अमेरिकी मदतीतून सोलला ‘किस्ट’ ही संशोधन संस्था उभी राहिली. २०१० मध्ये कोरिया मदत देणाऱ्या देशांच्या समितीत दाखल झाला. आता व्हिएतनाममध्ये हनोईजवळ होआ लाकला तशीच एक संस्था आहे, कोरियाच्या मदतीने बांधलेली. तिचं नाव ‘व्ही-किस्ट’.