हरितलवकातील प्रथिन-आयात चाचणी

पानातून वेगळ्या काढलेल्या अखंड हरितलवकांत एखादे प्रथिन शिरते का आणि शिरल्यावर त्याचे काय होते, हे परीक्षानळीत तपासण्याची जीवरसायनशास्त्रातील पद्धत. हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो, पण जमिनीवरील वनस्पतींमध्ये त्यावरून जेमतेम ऐंशीच्या आसपास प्रथिने बनतात. बाकीची दोन-तीन हजार केंद्रकातील जनुकांनुसार पेशीद्रव्यात तयार होतात आणि दुहेरी पटलाचे आवरण ओलांडून आत जातात. त्यांपैकी बहुतेकांच्या अग्रभागी ट्रान्झिट पेप्टाइड नावाचा जादा तुकडा असतो. आत गेल्यावर तो कापला जातो.

चाचणीची सुरुवात रुबिस्को या, हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराच्या लहान उपएककापासून (घटक-प्रथिनापासून) झाली. १९७८ मध्ये चुआ व श्मिट यांनी, तसेच हायफिल्ड व एलिस यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की या उपएककाचे आधीच बनून तयार असलेले मोठे पूर्वरूप वेगळ्या काढलेल्या हरितलवकांत शिरते आणि तिथे त्याला नेहमीचा आकार मिळतो. म्हणजे प्रथिन बनणे आणि ते पटलापार जाणे या दोन वेगळ्या घटना ठरल्या.

खरे कौशल्य हरितलवके न फोडता मिळवण्यात आहे. त्यासाठी बहुधा वाटाण्याची आठवडा-दहा दिवसांची कोवळी रोपे घेतात. पालकही चालतो, पण त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक त्रास देतात. रोपे आदल्या रात्रीपासून अंधारात ठेवतात, कारण पानात स्टार्च साठलेला असेल तर सेंट्रिफ्यूजमध्ये त्याचे जड कण आवरण फाडून बाहेर पडतात. पाने ०.३३ मोलर सॉर्बिटॉलच्या थंडगार द्रावात काही सेकंदच वाटतात, बारीक कापडातून गाळतात आणि परकॉलच्या (सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांच्या जड द्रावाच्या) ४० व ८० टक्क्यांच्या थरांवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. नळीत दोन हिरवे पट्टे दिसतात. वरचा फुटलेल्यांचा; कामाचा तो खालचा, दोन थरांच्या सीमेवरचा. फेरिसायनाइड अखंड आवरणातून आत जात नाही, त्यामुळे हिल अभिक्रियेवरून, म्हणजे प्रकाशात फेरिसायनाइडचे किती क्षपण होते त्यावरून, किती लवके धड आहेत ते कळते. शेवटी ८० टक्के ॲसिटोनमध्ये हरितद्रव्य मोजून त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅमवर आणतात.

किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनिन हे अमिनो आम्ल वापरून तयार केलेले पूर्वरूप, एटीपी (पेशीतील ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि ही हरितलवके २५ अंश सेल्सिअसला काही मिनिटे एकत्र ठेवतात. बर्फावर आणि अगदी कमी एटीपी दिल्यास पूर्वरूप आवरणाला नुसते चिकटून राहते. आत शिरायला जास्त एटीपी लागते. मग प्रथिने पचवणारे थर्मोलायसिन घालतात. हे विकर बाहेरचे पटल ओलांडत नाही, त्यामुळे पृष्ठभागावर राहिलेले प्रथिन पचते आणि आतले वाचते. ईडीटीए घातले की त्याला लागणारे कॅल्शियम बांधले जाते आणि पचन थांबते. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर सुमारे २० किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) पूर्वरूपाचा पट्टा जाऊन सुमारे १४ किलोडाल्टनचा पट्टा उरला, तर आयात झाली. मात्र हीच हरितलवके डिटर्जंटने फोडल्यावर तो १४ चा पट्टाही पचला पाहिजे. हे नियंत्रण जोडलेले नसेल, तर ‘प्रथिन सुरक्षित राहिले’ या दाव्याला फारसे वजन नाही: ते प्रथिन मुळातच थर्मोलायसिनला दाद न देणारे असू शकते.

पुढे हरितलवके पातळ द्रावात फोडून स्ट्रोमा (आतला द्रव) आणि थायलॅकॉइड (आतली हिरवी पटले) वेगळे करता येतात. अल्कधर्मी सोडियम कार्बोनेटने धुतल्यावर पटलाला वरवर चिकटलेली प्रथिने बहुतांशी सुटतात, पटलात रुतलेली राहतात. प्रवासाच्या मधल्या टप्प्यावर अडकलेल्या पूर्वरूपांच्या आधारे बाहेरच्या पटलातील टॉक संकुलाचे (प्रथिने आत घेणाऱ्या प्रथिन-समूहाचे) घटक ओळखता आले. त्यातला टॉक७५ हा प्रत्यक्ष मार्गिका बनवतो.

जिवंत पेशीत ट्रान्झिट पेप्टाइडला हिरवे चमकणारे जीएफपी प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शीखाली पाहणे हा सोपा पर्याय आहे आणि आता तोच जास्त वापरला जातो. त्यात प्रथिन शेवटी कुठे पोहोचले ते दिसते. ते किती वेगाने गेले, किती एटीपीवर गेले आणि बाहेरच्या पटलावर किती थांबले, यासाठी मात्र परीक्षानळीतली ही चाचणीच लागते.