दिव्यांग उमेदवारांसाठी शासकीय नोकरी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 34 नुसार शासकीय आस्थापनांमध्ये किमान 4 टक्के पदे लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या, म्हणजे किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या व्यक्तींसाठी राखीव असतात. अंधत्व व क्षीणदृष्टी, कर्णबधिरता आणि मेंदूच्या पक्षाघातासह अस्थिव्यंगता या तीन गटांना प्रत्येकी 1 टक्का मिळतो. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून उरलेला 1 टक्का असतो. हे आरक्षण समांतर, म्हणजे जातीच्या प्रवर्गावर अवलंबून नसलेले, असल्यामुळे खुल्या प्रवर्गातील उमेदवारालाही त्याचा लाभ घेता येतो.

सगळ्यात आधी दिव्यांग प्रमाणपत्र हाती घ्यावे. जाहिरात आल्यावर त्याच्यामागे धावणाऱ्या उमेदवाराची अर्जाची मुदत अनेकदा रुग्णालयाच्या फेऱ्यांतच संपते, आणि हे नुकसान खरोखर टाळता येण्यासारखे आहे. स्वावलंबन या केंद्र शासनाच्या पोर्टलवर आधार, छायाचित्र, स्वाक्षरी किंवा अंगठ्याचा ठसा आणि पत्त्याचा पुरावा जोडून अर्ज करावा, आणि तपासणीला जाताना अर्जाच्या पावतीसोबत जुने वैद्यकीय कागद न्यावेत. तपासणीनंतर प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळते. हातात पडताच त्यावरील नावाचे स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे, तसेच दिव्यांगत्व कायमस्वरूपी नोंदले आहे की तात्पुरते, हेही पाहावे. तात्पुरते असल्यास त्याची मुदत वहीत लिहून ठेवावी.

जाहिरातीतील एकूण जागांचा आकडा पाहून अर्ज भरू नये. त्याच जाहिरातीत, बहुधा बारीक अक्षरांतल्या तक्त्यात, ते पद कोणत्या दिव्यांग प्रकारांसाठी सुनिश्चित केले आहे आणि कामासाठी बसणे, उभे राहणे, वाचणे, बोटांनी काम करणे यांपैकी काय आवश्यक आहे, हे दिलेले असते. आपल्या प्रमाणपत्रावरील प्रकार त्या तक्त्यात नसेल, तर टक्केवारी कितीही असली तरी त्या पदावर आरक्षणाचा दावा टिकत नाही. महाराष्ट्र शासनाच्या पदांसाठी दिव्यांग प्रमाणपत्रासोबत अधिवास प्रमाणपत्र आणि शैक्षणिक गुणपत्रके तयार ठेवावीत. जातीच्या आरक्षणाचाही लाभ घ्यायचा असल्यास जात प्रमाणपत्र वेगळे लागते. वयोमर्यादेतील सवलत जाहिरातीत दिलेली असते.

लेखनिक (उमेदवार सांगेल ती उत्तरे लिहिणारी व्यक्ती) किंवा अनुग्रह कालावधी (परीक्षेत जादा वेळ) हवा असल्यास त्याची मागणी अर्जातच नोंदवावी, कारण परीक्षेच्या दिवशी केंद्रावर केलेली विनंती सहसा मान्य होत नाही. सर्वसाधारणपणे प्रत्येक तासामागे 20 मिनिटे जादा मिळतात.

रुजू होताना संकोच करू नये. स्क्रीन वाचणारे सॉफ्टवेअर, तळमजल्यावरची जागा किंवा योग्य उंचीचे टेबल यांसारख्या वाजवी सोयी पुरवणे हे याच अधिनियमाच्या कलम 20 नुसार शासकीय आस्थापनेचे कर्तव्य आहे, आणि अशी मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी देऊन तिची पोच घ्यावी. सोय नाकारली गेल्यास आस्थापनेने कलम 23 खाली नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. त्यानेही काम झाले नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागता येते. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तरी त्या कारणाने कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते.