अबिंदुकता : कोकण किनाऱ्यावरील प्रमाण

अबिंदुकता म्हणजे डोळ्यात शिरलेले किरण दृष्टिपटलावर एका बिंदूत न मिळण्याचा दोष. चष्म्याच्या दुकानात याला 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे पारपटल, चेंडूसारखी सारखी गोल नसते. चमच्याच्या पाठीसारखी एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी वळलेली असते. मग रात्री बंदरात शिरणाऱ्या होडीचा दिवा ठिपक्याऐवजी रेघ होऊन दिसतो आणि एस.टी.च्या पाटीवर ३ आहे की ८, हे डोळे किलकिले केल्याशिवाय कळत नाही.

असे किती जण? रेघ कुठे मारता त्यावर ते ठरते, कारण किंचित अबिंदुकता जवळपास प्रत्येकालाच असते. ०.५ डायॉप्टरपासून (डायॉप्टर म्हणजे चष्म्याचा नंबर मोजण्याचे एकक) मोजले, तर जगभरच्या पाहण्यांच्या २०१८ मधल्या एकत्रित हिशोबात मुलांत सुमारे १५ टक्के आणि प्रौढांत ४० टक्के निघाले. तान्ह्या बाळांत ती बरीच आढळते, पण वाढत्या वयात पुष्कळशी उतरते. तरुणांत बहुधा उभा वळसा तीव्र असतो, तर म्हातारपणी पापण्या सैलावल्या की आडवा. त्यामुळे नातवाच्या चष्म्याच्या कागदावर अक्ष, म्हणजे सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा तो आकडा, १८० च्या आसपास आणि आजोबांच्या कागदावर ९० च्या आसपास दिसला, तर ती लिहिणाऱ्याची चूक नव्हे. सतत डोळे चोळणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले यांच्यातही ती आढळते. हा दोष टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यात ओळखला होता.

किनाऱ्यावर आणखी एक कारण भेटते. रापण ओढणारे, होडीवर जाणारे, उन्हात मासळी सुकवणाऱ्या बायका यांच्या डोळ्यांवर ऊन वरून पडते, पाण्यावरून आणि वाळूवरूनही परतते. जोडीला खारा वारा. अशा डोळ्यात नाकाच्या बाजूने तिकोनी, लालसर पापुद्रा बुबुळावर सरकत येतो. लोक म्हणतात, 'डोळ्यात मांस वाढलंय.' पुष्कळदा त्यालाच मोतीबिंदू समजले जाते, पण मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो. हा पापुद्रा पारपटलाला आडव्या दिशेने सपाट करतो. तो जितका आत येईल, तितका सिलिंडर वाढतो.

टोपी आणि काळा चष्मा यांनी धोका कमी होतो. पापुद्रा काढल्यावर नंबर बहुधा उतरतो, पण पापुद्रा परत येऊही शकतो. म्हणून नवा चष्मा डोळा स्थिरावल्यावरच करावा. घाई केली, तर काचांचे पैसे दोनदा पडतात.